बेरिलला दाखवायचं पदक

१९९१च्या मार्चमधली गोष्ट. टोरंटोच्या संग्रहालयात, इन्सुलिनच्या शोधाला मिळालेल्या पदकापुढे रांग होती. ऑड्रीच्या पुढे दोघी म्हाताऱ्या बहिणी होत्या, आणि तिचे कान आपसूक तिकडे लागले.

"म्यूरिएल, अगं ही नक्कल आहे. खाली लिहिलंय बघ."

"असू दे. स्वप्नात दाखवायला नक्कल चालते."

"म्हणजे बेरिल काल परत आली होती?"

"आली की. आपल्या जुन्या स्वयंपाकघरात रिकामी बशी घेऊन बसली होती. ताई आपली अजून नऊ वर्षांचीच आहे."

"काय म्हणाली?"

"नेहमीचंच. पॅनकेकवर थोडं गोड सिरप घाल म्हणाली."

"मग?"

"नाही म्हटलं. डॉक्टरांनी उपाशी ठेवा म्हणून सांगितलं होतं ना. तेव्हा मधुमेहाला दुसरा उपायच नव्हता."

"आणि ती गेली, तर वर्षभरात हे इन्सुलिन निघालं."

"तेच तिला कुणी सांगितलेलं नाही, डोरीन. म्हणून नीट बघून घेतेय."

रांग पुढे सरकली. म्यूरिएल काचेपाशीच रेंगाळली.

"चल आता. जाताना काही घ्यायचंय का?"

"सिरप. मोठी बाटली घे. आज तिला नाही म्हणायचं नाही."