दाजींची पावडर आणि माझी चिलटं

आमच्या दाजींनी मला एकदा प्रयोगाला लावलं, ते ऐका. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. सात रस्त्याच्या चौकात दुकान टाकून अँटिऑक्सिडंटची पावडर विकतात. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि केळ्यांवर घोंगावणारी चिलटं बाटल्यांत पाळतो. त्यामुळं दाजींचा हट्ट, "तुज्या चिलटांना चारून बघ. गुण आला की कॉलेजच्या शिक्क्यानं तसं लिहून दे."

मी दोन बाटल्यांत जंतू घातलेलं सारखंच खाणं ठेवलं आणि एकीत पावडर मिसळली. आठवड्यात पावडरच्या बाटलीतली चिलटं मेली. दुसरीतली मजेत होती.

ताईचा संसार त्याच दुकानावर चालतो, त्यामुळं सांगायला जीभ रेटत नव्हती. तरी सांगितलं.

"दाजी, चिलटाचं आतडं ऑक्सिजनपासून एक जहाल रसायन बनवतं. खाण्यातनं आलेले जंतू त्यानं मरतात. तेही बेतानंच सोडतं, नाहीतर आतडंच भाजायचं. तुमच्या पावडरनं ते रसायन मारून टाकलं, मग जंतू माजले."

"मंजी पावडर खोटी न्हाय?"

"खोटी नाही. डब्यावर 'ऑक्सिजनची जहाल रसायनं मारते' असं लिहिलंय, तेच करते."

दाजींनी बाटली उजेडाला धरली.

"समदी मेली व्हय?"

"जवळजवळ."

"मग तसंच लिहून दे की. चिलटं मारायचं औषध. शिक्का तेवढा ठसठशीत मार."