चौदा महिन्यांत साडेदहा किलो

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, माझं वजन सत्तेचाळीस किलो तीनशे ग्रॅम भरलं. हजर आम्ही तिघं. मी, जिममधला ट्रेनर प्रणय, आणि वंदना, म्हणजे माझी बायको. हे आधी लिहून घ्या आणि आकडा नीट लिहा. वय तेव्हा एक्कावन्न, उंची पाच फूट आठ इंच, दंड साडेनऊ इंच. माझ्या वहीत हे सगळं आहे. वंदना मला सोडायला म्हणून आली होती, प्रणय तिला म्हणाला, काकू, तुमी पण उभ्या राहा की काट्यावर, पैसे नाही पडत, तर ती पदर तोंडाला लावून हसली आणि चपला काढून उभी राहिली. तिचा आकडा मी लिहिला नाही. लिहायचं मनातच आलं नाही.

जन्म माझा कसबा पेठेतला. वडील तराजू दुरुस्त करायचे, किराणावाल्यांचे, सोनारांचे, भाजीवाल्यांचे, दोन खणांची जागा, पुढच्या खणात काम आणि मागच्या खणात आम्ही पाच माणसं. वडिलांची एक रीत होती, कुठलाही तराजू हातात आला की आधी दोन्ही पारडी रिकामी टांगून बघायची, माल नंतर. आकडे मी त्यांच्याकडून शिकलो, ही रीत मात्र शिकलो नाही. आणि मी जन्मापासून असा बारीक, पाप्याचं पितर म्हणायचे मला, शाळेत वारा सुटला की पोरं म्हणायची याला खांबाला धरा. तालीम घरापासून दोन मिनिटांवर, वडिलांनी एकदा नेलं तिथं, वस्तादांनी माझा दंड दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाले, याला आधी खायला घाला, मग आणा. यावरून घरी बोलणी कोणाला बसली असतील? वडिलांना नाही, मला नाही. आईला बसली. पोराला खायला घालत नाहीस का. आई बिचारी सगळ्यांचं झाल्यावर मागाहून बसायची. बायकांनी मागाहून बसावं असा आमच्याकडे काही नियम नव्हता हो, तसं होतं एवढंच.

पुढे मी मांजरीजवळ एका वजनकाट्यावर लागलो, ट्रक तोलायचा काटा असतो ना, तो. सव्वीस वर्षं झाली. भरलेली गाडी घ्यायची, रिकामी घ्यायची, वजाबाकी करायची, पावती द्यायची. माझ्या पावतीवर आजपर्यंत कोणी बोट ठेवलेलं नाही, हे मी मोठेपणासाठी सांगत नाही, पुढचं समजावं म्हणून सांगतो. आमचा काटा वीस किलोंच्या पटीत वाचतो, त्याच्या आतलं त्याला दिसत नाही. ड्रायव्हर लोक म्हणायचे, साहेब, तुमी गाडीत बसून तोलली काय अन् उतरून तोलली काय, सारखंच हाय. मी पण हसायचो. काय करणार?

लग्न झालं, मांजरीलाच एक खोली-किचनचा फ्लॅट घेतला, एक मुलगी झाली, मृणाल. आणि काय सांगू तुम्हाला, आईला जे ऐकावं लागलं तेच वंदनाला ऐकावं लागलं, चोवीस वर्षं. माझी आई म्हणायची, बहीण म्हणायची, शेजारची म्हणायची, नवऱ्याला खायला घालत नाहीस का गं. मृणालचं लग्न ठरायच्या वेळी मुलाची आत्या स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारून गेली, मुलीच्या वडलांना काही आजार तर नाही ना, नाही, दिसतात तसे म्हणून विचारलं. लग्न झालं, व्यवस्थित झालं, मुलगी नाशिकला गेली. पण अल्बम आला त्यात माझा कोट असा, की हँगरला लावलाय. वंदनाने अल्बम मिटला आणि म्हणाली, अहो, ते खालच्या रस्त्याला जिम निघालंय, जाऊन तरी बघा. म्हणजे कल्पना तिची. हेही लिहा.

प्रणय यवतमाळकडचा पोरगा, सव्वीस-सत्तावीसचा, सकाळी जिम आणि दुपारी कॉलेज. पहिल्या दिवशी मला नुसता रॉड दिला, वजनं न लावता, रॉडच वीस किलोचा, तो छातीवरून माझ्याच्याने पाच वेळा वर गेला नाही. बाजूची पोरं बघत होती. प्रणय म्हणाला, काका, लाजायचं काहून, हाड चांगलं हाये तुमचं, फक्त त्याच्यावर काही नाही. मग त्याने कागद घेतला आणि मला माझ्या भाषेत सांगितलं, म्हणजे आकड्यांत. आठवड्यातून चार दिवस व्यायाम, बैठका, रॉड जमिनीवरून उचलणं, छाती, खांदे, दर आठवड्याला थोडं वजन वाढवायचं. आठ तास झोप. दर तीन तासांनी खायचं. आणि प्रोटीन ऐंशी ग्रॅम, रोज, चुकवायचं नाही, व्यायाम नुसता ऑर्डर देतो काका, माल खाण्यातून येतो. मला पटलं. माल कुठून येतो हे विचारायचं मात्र राहिलं.

अंडी आमच्या घरात येत नाहीत. पावडरचा डबा होता तीन हजारांचा, मी म्हटलं शक्य नाही. मग दूध, दही, पनीर, डाळ, शेंगदाणे, सोयाबीन. मी कागद घरी आणला, वंदनापुढे ठेवला, आणि एक वाक्य बोललो. आहे त्यातच बसव म्हटलं. मृणाल असताना दूध दीड लिटर यायचं, ती गेल्यावर मी एक लिटर केलं होतं, ते तसंच राहिलं. किराणाही तेवढाच. आणि तिने बसवलं हो. मला त्याचा अभिमान होता, काट्यावर सांगायचो मी, एक रुपया वाढीव न घालता चाललंय, पावडरीबिवडरी श्रीमंतांची थेरं.

सकाळी जिमवरून आलो की दुधाचा मोठा पेला. नाश्त्याला शेंगदाणे आणि मोडाची मटकी. डब्यात घट्ट वरण, दोन वाट्या दही. रात्री परत वरण, पनीर, निजताना परत दूध. डाळ शिजली की ती पातेलं न हलवता ठेवायची, तळचं घट्ट मला काढायची. वरचं पाणी कुठे गेलं, हे मी विचारलं नाही. तिने चहा कोरा घ्यायला सुरुवात केली. मी विचारलं एकदा, तर म्हणाली, मला दुधाचा चहा सोसत नाही हल्ली, पित्त होतं. बरं म्हटलं. सव्वीस वर्षं ड्रायव्हरचं खोटं मी गाडीखालच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या आवाजावरून ओळखतोय, आणि हिला म्हटलं, बरं.

दर रविवारी वजन. तिसऱ्या महिन्यात एकोणपन्नास सातशे. दिवाळीला त्रेपन्न. मध्ये सहा आठवडे काटा हललाच नाही, तेव्हा प्रणय म्हणाला, अजून एक वाटी डाळ वाढवा, काकूंना सांगा. सांगितलं. वाढली. डबा तोच, डाळ तेवढीच, वाटी वाढली. यंदा मे महिन्यात सत्तावन्न आठशे. दंड पावणेबारा. जमिनीवरून साठ किलो उचलायला लागलो. शर्ट खांद्यात घट्ट झाले, वंदनाने सगळ्यांच्या शिवणी उसवून सैल केले. आणि स्वतःच्या ब्लाउजना टाके घालून ते आत घेत होती, त्याच मशीनवर, त्याच दुपारी. मी समोर बसून शेंगदाणे खात होतो. कोणी भेटलं की ती म्हणायची, यांना आता अंग धरायला लागलंय. खूष होती. चोवीस वर्षांनी तिच्यावरचा बोल गेला होता.

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी काट्यावर, खडीची गाडी उभी, शेजारच्यांचा फोन. फरशी पुसायला बादली उचलली, दहा लिटरची, तीही अर्धी, आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. हडपसरला दवाखान्यात नेलं. तिथं त्यांनी तिला झोपल्या झोपल्या तोलायच्या पलंगावर घेतलं आणि सिस्टरने आकडा सांगितला, छत्तीस किलो शंभर. मी म्हटलं, काटा तपासा तुमचा. माझं पहिलं वाक्य हे. सिस्टर म्हणाली, काका, काटा बरोबर आहे.

रक्त सात पॉइंट दोन. ऑपरेशन पुढे ढकललं, आधी दोन पिशव्या रक्त. डॉक्टरबाईंनी विचारलं, उपास फार करता का, तर वंदना म्हणाली, उद्या आहे. मग एक मुलगी फॉर्म घेऊन आली, काल दिवसभरात काय काय खाल्लं ते सांगा म्हणाली. वंदना सांगत होती. सकाळी कोरा चहा. दुपारी दोन पोळ्या, भाजी, भात, आमटी. आमटी घट्ट का पातळ. पातळच. दूध, दही? नाही. रात्री? एक पोळी, आणि उरलं असेल ते. रोज उरतं का? वंदना माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, यांचा व्यायाम चालू आहे. त्या मुलीने लिहून घेतलं. मी तोवर मनात बेरीज केली होती, मला प्रणयने शिकवलीच होती ती. बावीस ग्रॅम. माझे ब्याऐंशी.

दुसऱ्या दिवशी मी जिममध्ये गेलो, प्रणयला म्हटलं, पहिल्या दिवशीचं रजिस्टर काढ. त्याने दोघांचं लिहिलं होतं. माझ्या खाली तिचं. चव्वेचाळीस सहाशे. मी वाढलो साडेदहा, ती उतरली साडेआठ. आमच्या काट्यावर साडेआठ किलो दिसत नाहीत, पण माझ्या ताटासमोर ती रोज होती. प्रणय म्हणाला, काका, असं थेट नसते हो, काकूंचं वय हाये, हाडाचं वेगळं कारण राहते. असेल. डॉक्टरबाईही तसंच म्हणाल्या, एका कारणाने असं होत नाही. पण मी गाड्या तोलणारा माणूस आहे. मृणाल नाशिकहून आली, तिने आईला बघितलं, मला बघितलं, आणि एवढंच म्हणाली, बाबा, तुम्हाला दिसलं नाही? मुलीला काय सांगणार? दिसलं असतं तर बरं झालं असतं, निदान नालायक ठरलो असतो. दिसलंच नाही.

ऑपरेशन चौथ्या दिवशी झालं, नीट झालं. घरी आणली. दीड महिना तिला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर घ्यायचं होतं. एक बाई ठेवावी लागेल म्हणाले, मी म्हटलं बघू, आणि पहिल्या सकाळी एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घालून उचलली. पाठ सरळ, भार पायांवर, प्रणयने शिकवलं तसं. काय सांगू तुम्हाला. काहीच लागलं नाही. मी साठ उचलायचो. वर घेतल्यावर मी क्षणभर तसाच उभा राहिलो, कारण मला वाटलं अजून भार यायचाय. ती माझ्या खांद्याशी तोंड करून म्हणाली, झाला बाई तुमच्या व्यायामाचा उपयोग. ती टोमणा मारत होती की खरंच म्हणत होती, मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायची छाती नाही. छाती चौतीस इंच आहे, पण विचारायची नाही.

आता ती वॉकर धरून चालते. प्रणय दर रविवारी येतो, फुकट, खुर्चीत बसवून तिच्याकडून व्यायाम करून घेतो, अर्धा लिटर पाण्याची बाटली वर-खाली, दहा वेळा. पहिल्या दिवशी तिला सात जमल्या. मला रॉड पाच वेळाही जमला नव्हता, म्हणजे ती माझ्या पुढे आहे. तिचं वजन काल अडतीस चारशे. माझ्या त्याच वहीत, शेजारच्या रकान्यात लिहितो. माझं त्रेपन्नावर आलंय, जिम सोडलं, आणि दूध घशाखाली उतरत नाही. पण तिच्यापुढे पेला धरला की ती आधी विचारते, तुम्ही घेतलंत? मी म्हणतो, घेतलं. मग ती पिते. आकड्यात मी कधी खोटं बोललो नव्हतो, आता दिवसातून दोन वेळा बोलतो.

एक राहिलं. आईला विचारलं, वंदनाला विचारलं, चोवीस वर्षं विचारलं, नवऱ्याला खायला घालत नाहीस का. मला कोणी विचारलं नाही. दवाखान्यात नाही, सोसायटीत नाही, नातेवाईक भेटायला येऊन गेले, सगळे मला म्हणाले, बायकोचं किती करता हो. तुम्हीही इतका वेळ ऐकताय, तुम्हीही नाही विचारलंत. असू दे. तुमच्या घरी काटा असेल तर सगळ्यांना त्यावर उभं करा, आणि सगळ्यांचं लिहा. देव तुमच्या घरी बरोबर माप देवो.

या महिन्याच्या एक तारखेला गवळ्याला बेचाळीसशे रुपये दिले, रोज दोन लिटर, तीस दिवस, सत्तरच्या भावाने. त्याने मोजले आणि म्हणाला, साहेब, घरात दोनच माणसं हायती, येवढं दूध जिरतं का तुमच्यात? मी म्हटलं, नाही जिरत. तू घालत जा.