पिरनवाडीच्या मामीचा फ्रिज

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, तरी मामीच्या फ्रिजचं ऐका. पिरनवाडीत मामी एकटीच राहते. इन्सुलिन रोज गोठायचं, त्यामुळे तिची साखर उतरेना. मी नॉब कमी केला, तरी तेच.

मेकॅनिकनं सगळं तपासलं. "आक्का, फ्रिज चांगला हाय. मागच्या भोकातनं गार वारं येतंय, तिथं बाटली ठेवू नका. दारात ठेवा."

मी नवी बाटली दारात ठेवली आणि मुक्कामाला राहिले. सकाळी पाहते, तर बाटली मागच्या भोकाला टेकून गोठलेली.

"मामी, कशाला हलवलीस?"

"मी न्हाय गं. ह्यांनी ठेवली असंल. गार असलं की औषध टिकतंय, म्हणायचे."

मामा जाऊन वर्ष झालं होतं. मी वैतागले. "मग सांग त्यांना, गोठलेलं औषध वाया जातं. अशानं तू मरशील."

मामी अजिबात न हसता रिकाम्या खुर्चीकडं वळली. "ऐकलंसा न्हवं? दारातच ऱ्हाऊ द्या."

त्या दिवसापासून बाटली जागची हलली नाही. साखरही उतरली. फक्त त्या खुर्चीत बसायला मला कोणी सांगू नका.