क्लचवरचा पाय

गॅरेजच्या बाकावर आपल्या स्कूटरची वाट पाहत बसलेल्या शिक्षिकाबाईंनी पुस्तक उघडलं होतं खरं, पण शेजारच्या नवरा-बायकोपुढे पुस्तकाचा काय पाड!

“सांगा हो मेकॅनिकदादा, ही क्लचवर पाय ठेवून चालवते म्हणूनच गर्दीत इंजिन तापतं ना?”

“ऐकून ऐकून कान किटले माझे, दादा! कालपासून तर किल्लीसुद्धा काढून घेतलीय.”

“मोकळ्या रस्त्यावर तापते का गाडी?”

“छे! तिथे मी चालवतो ना.”

“मग वहिनींच्या पायाला बोल लावू नका, साहेब. वेगात समोरून वारा लागतो. गर्दीत गाडी रांगते, तेव्हा रेडिएटरला पंख्याचाच आधार. आणि तुमच्या पंख्याची वायर कुणीतरी काढून ठेवलीय. वर चिकटपट्टीही लावलीय, अगदी नीटनेटकी.”

“चिकटपट्टी? अहो, जरा इकडे बघा.”

“ते... गाडी बंद केली तरी पंखा आपला फिरतोच. म्हटलं, उगाच बॅटरी उतरेल.”

“बघा, दादा! घरातही हेच. मी खोलीत बसलेली असते, तरी पंखा बंद करून जातात!”

“इंजिन निवेपर्यंत फिरतो तो, साहेब. फिरू द्या. वायर जोडलीय, आता तापमानाचा काटा वर जात नाही.”

“किल्ली?”

“घे बाई, तूच चालव.”

दोघं उठले. बायको किल्ली नाचवत पुढे गेली. मागून नवऱ्याने जाता जाता, न बघताच, दाराजवळचं बटण दाबलं.

शिक्षिकाबाईंच्या डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला.