मार्तंड शिंप्याची बंद खिडकी

राम कृष्ण हरी! बसा मंडळी, बसा. मागच्या आजोबा, पाय पसरा खुशाल, रामाच्या दारात कसला आलाय संकोच!

आधी एक विचारू? खरं सांगा हं! कीर्तनाला बसलाय, डोळे माझ्याकडं — आणि मन? मन बाहेर चपलांपाशी! हसताय काय? कुणी नेली तर? म्हणजे चोर अजून आलेला नाही, चोरी झालेली नाही, आणि तुमच्या मनात पंचनामासुद्धा लिहून झाला! तर मंडळी, आजचा प्रश्न हा — संशय येतो तो दुसऱ्याच्या करणीमुळं, की आपणच त्याला पाट मांडून बोलावतो?

ऐका तर मग. एक छावणीचं गाव. नाव सांगत नाही, तिथली माणसं उद्या माझ्या दारात उभी राहतील! त्या गावात रामनवमीला रथ निघतो, आणि रथापुढं कोण? लेझीम नाही, ढोल नाही — पिशवीची पिपाणी, म्हणजे तो बॅगपाइप! पलटणीतून निवृत्त झालेले बारा शिपाईगडी, काखेत हवेची पिशवी, अंगात कोट, आणि कमरेला? चौकड्याचा चुणीदार घागरा! किल्ट म्हणतात त्याला. पहिल्या वर्षी आमच्या एक मावशी म्हणाल्या, "अगं बाई, यांच्या बायका काय नेसून आल्या मग?" पण वाजवायला लागले ना — मावशींचेच डोळे आधी भरले!

या बाराजणांचे म्होरके सुभेदार हैबतराव शेळके. मिशी अशी, की रांगेतला माणूस मिशी बघूनच सरळ व्हावा. आणि त्यांचे कपडे शिवणारा मार्तंड लचके — हातात कसब, पोटात धाकधूक. त्या वर्षी किल्ट नवे आले. हैबतराव दुकानात आले आणि किल्ट पसरून म्हणाले, "मार्तंडा, नीट बघ. मोठा पट्टा हिरवा, त्याला जोडून निळा, आणि मधून ही केसाएवढी किरमिजी रेघ. कोट घ्यायचा मोठ्या पट्ट्याच्या रंगाचा. मोज्याची फीत घ्यायची या बारीक रेघेची. कंबरपट्टा, पुढचा बटवा, बूट — तिन्ही कातडी एका रंगाची. कळलं?"

"आणि कोटपण चौकड्याचा केला तर, सुभेदार?"

"तर माणूस चालणार नाही, गोधडी चालेल!"

आता हिरवं कापड रंगवायचं कुणी? लिंबाजी भावसारानं! पिढीजात रंगारी, मार्तंडाचा तीस वर्षांचा मित्र. रामाच्या रथावरचं भगवं निशाण दरवर्षी त्याच्याच हातचं. मोठा मान हो तो! लिंबाजी आला, म्हणाला, "एक किल्ट दे. दोन दिवस अंगणात ठेवतो, रंग जुळवतो."

झालं! मार्तंडाच्या मनात पाल चुकचुकली. किल्ट न्यायला कशाला पाहिजे? समोरच्या शिंप्याला दाखवला तर? तो म्हणाला, "किल्ट दुकानाबाहेर जायचा नाही. तूच नमुने घेऊन ये."

बिचारा लिंबाजी दहा हिरव्या चिंध्या घेऊन आला. मार्तंडानं काय करावं? दार लावलं. खिडकी लावली — समोरच्यानं डोकवायला नको! ट्यूबलाइट लावली, आणि एकेक चिंधी किल्टवर ठेवून बघितली. सातवी ठेवली — जशी त्याच कापडातून फाडलेली! "हीच!" लिंबाजी निघताना एवढंच म्हणाला, "कापायच्या आधी उन्हात बघून घे रे." यानं बघितलं? छे! उलट मनात म्हणाला — उन्हात बघ म्हणतो? म्हणजे रंग कच्चा आहे, याला आधीच ठाऊक आहे!

सातव्या चिंधीचं कापड रंगून आलं, बारा कोट शिवून झाले. रामनवमीला चार दिवस उरले. सकाळी मैदानात सराव. बाराजण रांगेत उभे राहिले, सूर्य वर आला — आणि कोट काय दिसावेत? हिरवे? नाव नको! मातकट तपकिरी! खाली हिरवागार किल्ट, वर ओल्या भिंतीचा पोपडा! पोरं फिदीफिदी हसली. हैबतरावांची मिशी थरथरली. मार्तंडानं बाराही कोट तिथंच उतरवून घेतले.

कोट घेऊन तो दुकानात आला. दार लावलं, खिडकी लावली, लाइट लावली — कोट हिरवा! किल्टशी तंतोतंत! आता सांगा, शहाण्याला काय वाटावं? आणि संशयी माणसाला काय वाटावं? तो पुटपुटला, "कोट बदलले! मैदानात दुसरेच नेले होते कुणीतरी!" बायकोला विचारतो, "दुकानाची चावी काल कुणाकडं होती?"

सरूबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला. "तीस वर्षं चावी माझ्या कमरेला आहे. आज विचारताय?"

बघा! एका चिंधीवरून निघालेला संशय चुलीपर्यंत पोचला. मार्तंडानं काय केलं — प्रत्येक कोटाच्या अस्तरात, कुणाला न दिसेल असा एक तांबडा टाका घातला. दुसऱ्या दिवशी कोट उन्हात नेला. तपकिरी! अस्तर उलटलं — टाका जागच्या जागी! कोट तोच. रंग दुसरा. मग तर ठरलंच की! लिंबाजीनंच काहीतरी घातलंय रंगात, माझी अब्रू घालवायला! मग आठवायला लागलं सगळं. परवा तो माझ्याकडं बघून हसला होता. का हसला? काल हसला नाही. का नाही हसला? मंडळी, हसलं तरी पुरावा, नाही हसलं तरी पुरावा!

तडक देवळात गेला. पंच बसलेले, लिंबाजी निशाणाचं कोरं कापड घेऊन उभा. मार्तंड ओरडला, "या दगाबाजाचं निशाण रथावर चढलं, तर मी सुई हातात धरणार नाही!"

लिंबाजी भांडला नाही. कापडाची घडी केली, पायरीवर ठेवली. म्हणाला, "ज्याच्या हातावर संशय, त्याच्या हातचं रामाला नको." आणि गेला.

दुपारी त्याची बायको भागूबाई मार्तंडाच्या दुकानी आली. "भाऊजी, रंग कुठं बघितला होता?"

"इथंच. लाइटखाली."

"आणि खिडकी?"

"लावलेली."

ती सरळ तिकडं गेली आणि खिडकी उघडली! टेबलावर कोट आणि किल्ट शेजारी पडलेले. ऊन आलं ते अर्ध्यावर. उन्हातला कोट तपकिरी, लाइटखाली उरलेला हिरवा. कोट एकच! भागूबाई म्हणाली, "दोन रंग दिव्याखाली जुळे भाऊ दिसतात, उन्हात एकमेकांना ओळखत नाहीत. रंगाऱ्याचं पोरसुद्धा हे जाणतं. म्हणून तर ते अंगण मागत होते, भाऊजी." आणि पदराआड रडायला लागली.

मार्तंडानं कोट उन्हात सरकवला, मागं घेतला, परत सरकवला. जी खिडकी समोरच्यानं डोकावू नये म्हणून लावली, तिनंच घात केला! आमची एक मोडकी ओवी आहे —

*खिडकी लाविली आपुल्याच हाते । मग भरदिवसाही रात वाटते ॥*

आणि काय केलं? आधी घरात गेला. सरूबाईंना म्हणाला, "चुकलो." मग किल्ट काखोटीला मारला — कापलेला तुकडा नव्हे, अख्खा किल्ट! — आणि लिंबाजीच्या अंगणात जाऊन त्याच्या हातात ठेवला. "ठेव. पाहिजे तितके दिवस ठेव."

लिंबाजीनं किल्ट उन्हात पसरला. त्यावरून हात फिरवला. म्हणाला, "कोट आता होत नाहीत रे."

हैबतरावांनी मार्ग काढला — "पांढरे सदरे घाला. पांढरा कुठल्याही चौकड्याशी भांडत नाही. मोज्याच्या फिती तेवढ्या किरमिजी पाहिजेत." एका दिवसात लिंबाजीनं चोवीस फिती रंगवल्या. अंगणात, उन्हात, किल्टच्या रेघेला लावून. केसाचा फरक नाही!

आणि निशाण? त्याला तीनदा बुडवायचं, तीनदा वाळवायचं, तीन दिवस लागतात. उरले होते दोन. त्या वर्षी रथावर गेल्या सालचं विटकं निशाण चढलं. बाराजण झोकात चालले, गाव वाहवा करत होतं, आणि मार्तंड मात्र वर बघत चालला होता. भर उन्हात. आता त्याच्या खिडकीला झडप नाही. ती फळी काढून त्यानं तिच्यावर कापड कापायचा पाट केलाय.

तेव्हा मंडळी, घरी जाल तेव्हा बघा, तुमची कुठली खिडकी लावलेली आहे? भावाच्या बाजूची? सुनेच्या बाजूची? कुणाला खिडकी लावून दगाबाज ठरवलंय? एकदा उन्हात आणून बघा हो! आणि त्यानं "माझ्या अंगणात ठेव" म्हटलं, तर ठेवा.

काय म्हणता? बुवांचं काय? ... अरे पेटीवाले, जरा सरका. पेटीच्या मागं बघा. दिसतंय का काही? हो, माझ्याच चपला! नव्या आहेत म्हणून आत घेऊन बसलो होतो. न्या. बाहेर नेऊन ठेवा. तिकडं कडेला नको — सगळ्यांच्या चपलांत ठेवा. आणि आता निर्धास्त मनानं एकदा रामाचं नाव घेऊ या.