विचारायचं राहिलं

मामा: ...आणि एक्स-रे उघडल्याबरोबर तुझा तो नवा प्रोग्रॅम एका सेकंदात गतप्राण. वेगवान आहे म्हणालीस, ते मात्र खरं.

भाची: मामा, टोमणे नंतर. पडद्यावर काय आलं?

मामा: ‘अवैध सूचना.’ मी कसलीही सूचना केली नव्हती बाई. बाहेर स्ट्रेचरवर खुबा मोडलेल्या आजी आहेत, डॉक्टर तिसऱ्यांदा डोकावून गेले.

भाची: जुना प्रोग्रॅम उघड ना तोवर.

मामा: काढून टाकला. ‘बिनधास्त काढ’ असं कोण म्हणालं होतं बरं?

भाची: सरक, मला बसू दे. संगणक कधीचा आहे हा?

मामा: तू कॉलेजात होतीस तेव्हाचा. छान चालतो, कोणी सुधारायला आलं नाही तर.

भाची: काही प्रोसेसरना आठ-आठ आकडे एका दमात हाताळायच्या सूचना कळतात. मी सरसकट त्याच वापरल्या. याला कळत नसणार.

मामा: आणि कळतात का, हे त्याला विचारता येत नाही?

भाची: येतं. सुरुवातीलाच विचारायचं. ‘हो’ म्हणाला तर जलद वाट, नाहीतर जुनी.

मामा: मग?

भाची: नाही विचारलं. सगळ्यांकडे नवंच असतं असं वाटलं.

मामा: वा! शिक्षण वाया गेलं नाही.

(भाची प्रोग्रॅममध्ये ती विचारणा जोडते; कळफलकाचा आवाज.)

भाची: आता उघड.

मामा: पुन्हा तेच. या वेळी जरा जास्तच चपळाईने.

भाची: असं कसं? प्रोसेसर तर ‘कळतात’ म्हणतोय... थांब. या सूचनांना आकडे ठेवायला प्रोसेसरमधले मोठे कप्पे लागतात. एका प्रोग्रॅमवरून दुसऱ्यावर जाताना त्यांतलं जपून ठेवायची जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिमची. तुझ्या सिस्टिमला ते कप्पेच माहीत नाहीत.

मामा: म्हणजे कारकून तयार आहे, साहेबांची सही नाही.

भाची: अगदी. दोघांनाही विचारायला हवं. झालं. उघड.

मामा: ...उघडतोय. सावकाश, पण उघडतोय. डॉक्टर! आजींचा खुबा दिसला, या!

भाची: मामा, कालपासून चाळीस दवाखान्यांत गेलाय हा प्रोग्रॅम.

मामा: मग सांग की, तुमचे संगणक जुने म्हणून.

भाची: तसंच सांगणार होते.

मामा: आणि आता?

भाची: मी तपासलं नाही, असं सांगते. आधी आमच्या साहेबांना, मग एकेका दवाखान्याला.

मामा: बस इथेच, माझ्या खुर्चीत. मी दार लावून घेतो, फोनवर नीट बोल.