शेठला कुणी कापलं?

वेबसाइट बनवणाऱ्यावर कधी फितुरीचा आळ आलेला ऐकलाय का? माझ्यावर आला, राव.

दुष्काळाचं साल होतं, तरी शहर सिल्लोड रोडनं पसरतच होतं. तिथं प्लॉट विकणाऱ्या बाबूशेठची वेबसाइट मी केली होती. ‘बोअरला भरपूर पाणी’ हा तिच्यातला मुख्य फोटो. पण थीमची, म्हणजे वेबसाइटच्या तयार साच्याची, आयती गॅलरी प्रत्येक फोटो दोन्ही कडांनी कापून चौकोनी करायची.

शेठ उस्मानपुऱ्यातल्या माझ्या ऑफिसात आले, दार लावलं आणि म्हणाले, "खरं सांग, माझा पार्टनर तुला कवा भेटला?"

"नाय भेटला, शेठ."

"मग बोअरजवळ तो एकटाच कसा? मी बी उभा होतो तिथं. गिऱ्हाइकाला वाटंल, मालक तोच!"

"गॅलरी आपोआप कापते, शेठ."

"आपोआप? अन् नेमकं मलाच?"

मग मी त्यांच्यासमोरच गॅलरीचं कापणं बंद केलं. अख्खा फोटो उघडला. डाव्या कडेला शेठ हसत उभे. उजव्या कडेला पाण्याचा टँकर, आणि त्याचा पाइप थेट बोअरला जोडलेला.

शेठनं एकदा दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"लई लांब झाला रं फोटो. काप मला."